शेंदराखालचा नांगर

गावाकडच्या घरांत पडवीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्यामागे एखादा लोखंडी नांगर पडून असतो. बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि नांगराचे काम संपले. अलीकडे अशा नांगराला पुन्हा दिवस आले आहेत. कोणी तो कृषी पर्यटन केंद्राच्या फाटकाशी मांडतो, कोणी अंगणात ठेवतो, तर एखादी शाळा त्याला आपल्या छोट्या संग्रहात जागा देते. मांडण्यापूर्वीचा विधी मात्र बहुधा ठरलेला असतो : तारेच्या ब्रशने नांगर खरवडायचा आणि त्यावर चकचकीत लाल किंवा चंदेरी रंग मारायचा. आम्हीही पहिला नांगर घरच्या कामशाळेत असाच 'नवा' केला. तो दिसायला छान झाला. पण 'हा मूळचा कोणत्या रंगाचा होता?' असे एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर आम्ही स्वतःच झाडून उकिरड्यावर टाकले होते. त्या धुळीत आणखी काय असू शकते, हे तर आम्हांला त्यानंतर कळले.

जुन्या अवजाराची डागडुजी ही साधी हौस वाटते. पण तिच्यामागे शेतीचा, धातुविद्येचा आणि आरोग्यशास्त्राचा असा तिहेरी इतिहास उभा आहे. तो ठाऊक असला तर हातातला ब्रश जरा थांबतो.

'लोखंडाने जमीन नासते'

अमेरिकेतील न्यू जर्सी येथील चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे एकस्व घेतले. नांगर चांगला होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि त्यामुळे तण माजते, अशी त्यांची समजूत होती. शंभर वर्षांनंतर हीच शंका आपल्याकडेही ऐकू आली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले होते. काही रंगांतला भेद आपल्याला कळत नाही, हे तेथे लक्षात आल्यावर त्यांनी रंग सोडून यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. म्हणजे हा कारखानदार मुळात शिक्षक. पुढे बेळगावला सायकलींचा व्यवसाय, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमीन नासेल ही भीती येथेही आडवी आली. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि कर्ज दिले, आणि कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, हाही एक योगायोगच.

शेतकऱ्यांची शंका चूक होती, पण ती मूर्खपणाची नव्हती. लाकडी नांगर माती फाडतो. लोखंडी नांगराचा वाकडा पंख ती उचलून उलटी करतो. खालची माती वर येते आणि वरचे तण खाली गाडले जाते. पिढ्यानपिढ्या वरच्या थरावर पीक घेणाऱ्याला हा उलथापालथीचा प्रकार धोक्याचा वाटला तर नवल नाही. अनुभवाने भीती गेली. आपल्या मातीत लोह मुळातच भरपूर असते. फाळाच्या झिजेने त्यात पडणारी भर नगण्य.

फाळाची झीज वाचताना

इंग्लंडमधील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली फाळाच्या ओतकामाची एक नामी युक्ती शोधली. साच्याचा खालचा भाग धातूचा ठेवला, की वितळलेले लोखंड त्या बाजूने झटकन निवते आणि फार कठीण होते. वरची बाजू सावकाश निवते, म्हणून ती तुलनेने मऊ राहते. शेतात मऊ बाजू आधी झिजते, कठीण कड पुढे उरते आणि फाळाला आपोआप धार राहते. उंदराचे दात ज्या तत्त्वाने तीक्ष्ण राहतात तेच हे तत्त्व : पुढे कठीण कवच, मागे मऊ भाग.

म्हणून जुना फाळ घासून 'नवी धार' लावण्याआधी तो नीट पाहावा. झीज कोणत्या बाजूला आहे? तोडलेली कड राखाडी आणि दाणेदार दिसते का? तसे असेल तर फाळ ओतीव आहे; त्यावर हातोडा मारल्यास तो वाकणार नाही, फुटेल. फाळाचे टोक ठोकून वाढवलेले किंवा वेगळा तुकडा जोडलेले दिसले, तर तेथे गावच्या लोहाराचा हात लागला आहे असे समजावे. रुमण्यावर मुठीच्या जागी आलेली गुळगुळीत झिलई कोणा एका माणसाच्या वर्षानुवर्षांच्या कामाची खूण असते. पंखावर ओतलेली अक्षरे आणि क्रमांक म्हणजे तर कारखान्याची सहीच. या सगळ्या गोष्टी तारेच्या ब्रशला दिसत नाहीत.

राखणदार रंग

लोखंड गंजते ते पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाल्यावर. खिळ्यांच्या परीक्षानळ्यांचा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात केलेला असतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते. त्यामुळे तो पापुद्र्यांनी सुटतो आणि आतले ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. यावर कारखानदारांनी शोधलेला जुना उपाय म्हणजे शेंदूर आणि जवसाचे तेल.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. त्याच्या रेणुसूत्रात शिशाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते व त्याचा पापुद्रा बनतो. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच, तापवून लवकर सुकेल असे केलेले. शेंदूर या तेलात खलला की तेलातील आम्लांशी शिशाचा संयोग होऊन शिशाचे साबण तयार होतात आणि ते लोखंडाच्या पृष्ठभागावर गंजाची क्रिया रोखतात. म्हणजे हा रंग नुसते पांघरूण नव्हे, राखणदार होता. पूल, जहाजे, आगगाडीचे डबे आणि शेतीची अवजारे यांवर पहिला हात अनेकदा याचाच असे. वरचा दिसणारा रंग त्यानंतरचा.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. दुकानात आज 'रेड ऑक्साइड' म्हणून मिळतो तो शेंदूर नव्हे. त्यात लोहाचे ऑक्साइड असते, म्हणजे काव किंवा गेरूचाच हा भाऊबंद. दोन्ही तांबडे दिसतात, पण एकात शिसे आहे आणि दुसऱ्यात नाही.

ब्रिस्बेनचे कठडे

१८९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये लहान मुलांना एक विचित्र आजार होऊ लागला. पोटात कळा येत, हातपाय लुळे पडत, काहींची दृष्टी जाई. लक्षणे शिशाच्या विषबाधेची होती, पण मुलांना शिसे मिळते कोठून हे कळेना. ब्रिस्बेनचे नेत्रवैद्य जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये उत्तर दिले : घराच्या व्हरांड्याचे रंगवलेले कठडे. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या ओल्या बोटांना चिकटते आणि नखे कुरतडताना, अंगठा चोखताना पोटात जाते. हे म्हणणे सहजासहजी मान्य झाले नाही. मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावण्यावर क्वीन्सलँडने कायद्याने बंदी आणली ती १९२२ साली. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम २०१६ मध्ये जाहीर होऊन २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे असू शकते, हे धरूनच चालले पाहिजे.

इतिहासाचा हा उपरोध पाहण्यासारखा आहे. शेतकरी ज्या लोखंडाला विष समजून भ्याला ते निरुपद्रवी होते; आणि त्या लोखंडाला जपणाऱ्या रंगात मात्र खरे विष असू शकत होते. शेतात नांगरणाऱ्याला त्याचा फारसा उपद्रव नव्हता, कारण मातीत फिरणारा फाळ लवकरच रंग टाकून उघडा होतो. धोका आहे तो उरलेला रंग आज कोरडा खरवडणाऱ्याला, आणि त्याच्या शेजारी उभे राहून कौतुकाने पाहणाऱ्या मुलांना.

घरच्या कामशाळेत

आता आम्ही हे काम कसे करतो ते सांगतो. प्रथम नांगराची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापांसह आकृती काढावी, अक्षरे उतरवून घ्यावीत आणि तो चालवलेल्या वडीलधाऱ्यांना बोलते करावे. मग मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने माती काढावी. पुष्कळदा एवढेच पुरते.

रंग शाबूत असेल तेथे तो तसाच ठेवावा आणि वर मेणाचा पातळ हात द्यावा. रंगाचे थर पाहायचेच असतील तर आडोशाच्या जागी नखाएवढी 'खिडकी' करावी : पाणकागद ओला ठेवून हलके घासले, की झाडाच्या खोडातील वलयांसारखे एकाखाली एक थर दिसतात. हे काम मोठ्यांनी करावे. कोरडे घासू नये, ग्राइंडर लावू नये, बत्तीने रंग जाळू तर मुळीच नये; शिशाची वाफ धुळीहून घातक. निघालेला गाळ फडक्याने टिपून बंद डब्यात ठेवावा, शेणखतात किंवा शेतात टाकू नये. काम संपल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

जेथे रंग कधीच गेला आहे आणि नुसता गंज आहे, तेथे हिरडा उपयोगी पडतो. हिरड्याच्या काढ्यातील टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन निळसर काळे संयुग बनते. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करत ती हीच क्रिया. सुटा गंज ओला करून पुसावा, काढा लावावा, वाळू द्यावा आणि वर बेलतेलाचा पातळ हात फिरवावा. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. सुकताना ती तापून आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

कोठे नवा रंग देणे भागच असेल, तर तो शिसेविरहित घ्यावा, 'खिडकी'त दिसलेल्या मूळ रंगाशी जुळवावा आणि तळहाताएवढा एक भाग जुन्या अवस्थेत तसाच राखावा. त्याला आम्ही साक्षीदार म्हणतो. शेजारी तारखेसह एक चिठ्ठी असावी : काय काढले, काय लावले.

२०२२ साली सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे साचलेला शेंदराचा थर उतरवला गेला तेव्हा भाविकांना मूळ रूप दिसले. ते काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, बेताने झाले. आपला नांगर एवढा थोर नाही; पण त्याच्यापुरते तज्ज्ञ आपणच असतो, आणि चुकून घासलेला थर परत आणता येत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेत जुने अवजार आले की रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक तास वर्गासमोर ते नुसते ठेवावे. मुलांनी हात न लावता पाहावे आणि वहीत फक्त प्रश्न लिहावेत. आमच्या पहिल्या नांगराबाबत तो एक तास आम्ही दिला असता, तर त्या विद्यार्थ्याला आज उत्तर देता आले असते.