डंकर्कची माघार
दुसऱ्या महायुद्धात २६ मे ते ४ जून १९४० या काळात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डंकर्क बंदरातून आणि लगतच्या पुळणींवरून दोस्त राष्ट्रांच्या ३,३८,२२६ सैनिकांना समुद्रमार्गे इंग्‍लंडला हलविण्यात आले. या नाविक कारवाईचे सांकेतिक नाव ‘डायनॅमो मोहीम’ असे होते.

पार्श्वभूमी : १० मे १९४० रोजी जर्मनीने नेदर्लंड्स, बेल्जियम, लक्सेंबर्ग व फ्रान्स यांवर आक्रमण केले. दोस्तांची उत्तम सैन्ये बेल्जियममध्ये पुढे सरकली असतानाच जर्मन चिलखती विभागांनी आर्देनच्या अरण्यातून येऊन सेदां येथे म्यूज नदी ओलांडली आणि २० मे रोजी ॲबव्हील गाठून ते इंग्‍लिश खाडीस भिडले. त्यामुळे ब्रिटिश मोहीम सेना, फ्रान्सची पहिली सेना व बेल्जियन सेना यांचा दक्षिणेकडील फ्रेंच सैन्याशी संबंध तुटला. २१ मे रोजी आरास येथे ब्रिटिशांनी केलेला प्रतिहल्ला फसला. परंतु त्यामुळे जर्मन सेनापती आपल्या उघड्या बगलेविषयी साशंक झाले. २४ मे रोजी डंकर्कच्या तोंडाशी आलेल्या रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम देण्यात आला. तो मूळ फोन रून्टश्टेटचा. हिटलरने त्यास मान्यता दिली. पुढील चढाईसाठी रणगाडे राखून ठेवणे, फ्लँडर्सची दलदलीची भूमी आणि वेढलेल्या शत्रूला वायुसेना संपवील हे गोरिंगचे आश्वासन, अशी त्याची कारणे सांगतात. २६ मे रोजी हा हुकूम मागे घेण्यात आला. तथापि तेवढ्या अवधीत दोस्तांना डंकर्कभोवती संरक्षक फळी उभारता आली. २५ मे रोजी ब्रिटिश सेनापती लॉर्ड गॉर्टने दक्षिणेकडील नियोजित हल्ला रद्द करून दोन डिव्हिजन बेल्जियन आघाडीवरील खिंडार बुजविण्यास पाठविल्या. या निर्णयामुळेच माघारीचा मार्ग खुला राहिला.

मोहिमेचा दैनंदिन क्रम : २६ मे रोजी सायंकाळी मोहीम सुरू झाली. तिची सूत्रे डोव्हर येथील व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमझीकडे होती. त्याच दिवशी कॅले पडल्यामुळे सर्वांत जवळचा सु. ७२ किमी.चा जलमार्ग जर्मन तोफांच्या माऱ्याखाली आला. म्हणून जहाजांना सु. १६० किमी.चा वळसा घ्यावा लागला. २७ मे रोजी केवळ ७,६६९ सैनिक हलविता आले. बंदराच्या गोद्या बाँबवर्षावाने निकामी झाल्या होत्या. किनाऱ्यावरील नाविक अधिकारी कॅप्टन टेनंटने समुद्रात दूरवर गेलेल्या पूर्वेकडील लाटारोधक बांधाला जहाजे लावून पाहिली. हा अरुंद बांध जहाजे लावण्यासाठी बांधलेला नव्हता. तरीही तोच मोहिमेचा कणा ठरला. २८ मे रोजी बेल्जियन सेनेने शरणागती पतकरली. त्या दिवशी १७,८०४ सैनिक निघाले. २९ मे रोजी सुरुंग काढून सु. १०० किमी.चा मधला मार्ग खुला झाला व आकडा ४७,३१० वर गेला. मात्र वेकफुल, ग्राफ्टन व ग्रेनेड या विनाशिका बुडाल्या. बंदर बंद पडले अशी चुकीची समजूत झाल्याने जहाजे पुळणींकडे वळविण्यात आली.

३० मे रोजी ढगाळ हवेमुळे विमानहल्ले मंदावले व ५३,८२३ सैनिक सुटले. बंदरापेक्षा पुळणींवरून अधिक माणसे नेली गेली, असा हा एकच दिवस होय. ३१ मे रोजी ६८,०१४ हा उच्चांक गाठला गेला. गॉर्टने मेजर-जनरल अलेक्झांडरकडे अधिकार सोपविले. १ जून रोजी ६४,४२९ सैनिक निघाले. पण कीथ, बॅसिलिस्क, हॅव्हंट व फ्रेंच फूद्रवायां या विनाशिका विमानहल्ल्यांत गमावल्या. त्यानंतर वाहतूक रात्रीपुरती मर्यादित करण्यात आली. २ जूनच्या रात्री ब्रिटिश पिछाडीचे अखेरचे सैन्य निघाले. २, ३ व ४ जूनचे आकडे अनुक्रमे २६,२५६, २६,७४६ व २६,१७५ असे आहेत. ४ जून रोजी सकाळी जर्मनांनी डंकर्क घेतले.

भारतीय तुकड्या : ब्रिटिश मोहीम सेनेची वाहतूक यंत्रचलित असल्याने चिखलात व बर्फात उपयोगी पडाव्यात म्हणून भारतीय सेनेच्या खेचर-वाहतूक कंपन्या डिसेंबर १९३९ मध्ये फ्रान्समध्ये आल्या होत्या. त्यांत पंजाबी मुसलमान सैनिक बहुसंख्य होते. माघारीत त्यांना जनावरे मागे सोडावी लागली व एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली.

मूल्यमापन : खाजगी होड्यांनी सैन्य वाचविले ही लोकप्रिय आख्यायिका अंशतःच खरी आहे. सु. २,३९,५०० सैनिक बंदरातून व सु. ९८,७०० पुळणींवरून निघाले. विनाशिका व प्रवासी बोटी यांचा वाटा सर्वांत मोठा होता. लहान होड्यांचे महत्त्व उथळ पाण्यातून माणसे मोठ्या जहाजांपर्यंत पोचविण्यात होते. दुसरी उपेक्षित बाब म्हणजे फ्रेंचांचे बलिदान. वेढलेल्या फ्रेंच सैन्याने लील येथे ३१ मेपर्यंत झुंजून अनेक जर्मन डिव्हिजन अडकवून ठेवल्या. डंकर्कची अखेरची फळीही फ्रेंचांनीच सांभाळली व त्यांचे सु. ३५ ते ४० हजार सैनिक कैद झाले. सुटलेल्यांत १,९८,२२९ ब्रिटिश व १,३९,९९७ इतर दोस्त सैनिक होते. परंतु फ्रेंचांची मोठ्या प्रमाणावरील सुटका ३१ मेनंतरच झाल्याने दोन्ही राष्ट्रांत कटुता आली.

ब्रिटिशांना फ्रान्समध्ये सु. २,५०० तोफा व सु. ६४,००० वाहने टाकून द्यावी लागली. माघार घेऊन युद्धे जिंकता येत नाहीत, असा इशारा चर्चिलने ४ जून रोजी संसदेत दिला, तो यथार्थ होता. तथापि गमावलेली शस्त्रे पुन्हा घडविता येत होती. अनुभवी अधिकारी व जवान इतक्या लवकर घडविता आले नसते. फ्रान्स पडल्यावरही ब्रिटनला युद्ध चालू ठेवता आले, याचे एक प्रमुख कारण या नऊ दिवसांत सापडते.