पाचपैकी तीन : हिमस्खलनाच्या रोजच्या पत्रकाची गोष्ट

१९९२च्या फेब्रुवारीत मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर मी स्कीइंग शिकायला गेलो होतो. शिकलो थोडे, पडलो पुष्कळ. पण एक सकाळ मनात राहिली. आमच्या उस्तादांनी फावड्याने बर्फात छातीइतका खोल खड्डा खणला, त्याची एक भिंत सरळ तासली आणि आम्हाला एकेकाला आत उतरवून वरपासून तळापर्यंत हात फिरवायला सांगितले. वरचा थर पिंजलेल्या कापसासारखा होता, मधला खडूसारखा घट्ट, आणि तळाशी जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होईना. बोटांतून गळून जात होते. ‘‘मकान कितना भी पक्का हो, नींव ऐसी हो तो?’’ उस्तादांनी विचारले. उत्तर कोणीच दिले नाही.

मी पेशाने हिशेबनीस. भूगोल किंवा भौतिकशास्त्र मी महाविद्यालयात शिकलो नाही. पण त्या साखरेच्या दाण्यांनी कुतूहल जागे केले आणि मिळेल ते वाचत गेलो. गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या मित्रांबरोबर गुलमर्गला गेला होता. सकाळी त्याचा फोन आला : ‘‘काका, आज जिल्ह्याच्या पत्रकात धोका तीन दिलाय. पाचपैकी तीन म्हणजे चालतंय ना?’’

त्याला तेव्हा दिलेले उत्तर घाईचे होते. सविस्तर उत्तर द्यायचे तर हे पत्रक कोठून आले, कोणासाठी आले आणि त्यातल्या आकड्याचा अर्थ काय, हे पाहावे लागते.

गावाची आठवण ते सरकारी नोंद

आल्प्समधील गावांना हिमस्खलन नवे नव्हते. कोणत्या घळीतून बर्फ उतरतो, कोणत्या शेतापर्यंत येतो, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असे आणि घरे त्या बेताने बांधली जात. गावाच्या माथ्यावरच्या जंगलाला कुऱ्हाड लावायची नाही, असे नियम कित्येक खोऱ्यांत शतकानुशतके होते. पण ही माहिती त्या त्या गावापुरतीच राही.

ती एका वहीत आणण्याचे मोठे श्रेय योहान कोआत्स या स्विस वनाधिकाऱ्याला जाते. १८५० साली पिझ बर्निना या शिखरावर पहिली चढाई करणारा हा माणूस पुढे स्वित्झर्लंडचा मुख्य वननिरीक्षक झाला. वनरक्षकांकडून माहिती गोळा करून त्याने १८८१मध्ये स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम मोलाचे होते, पण ते झालेल्या घटनांचे होते. उद्या काय होईल, हे त्यातून कळत नव्हते.

तो प्रश्न ऐरणीवर आणला पहिल्या महायुद्धाने. ऑस्ट्रिया आणि इटली यांची सैन्ये आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर बसली. ज्या उंचीवर हिवाळ्यात गुराखीही जात नसत, तेथे हजारो सैनिकांच्या बराकी उभ्या राहिल्या. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावरून सुटलेला बर्फ ऑस्ट्रियन बराकींवर आला आणि सुमारे २७० सैनिक त्याखाली मेले. त्या डोंगरी आघाडीवर हिमस्खलनाने हजारोंचा बळी घेतला.

खिंडीतली प्रयोगशाळा

युद्धानंतर डोंगरात माणसांची नवी लाट आली, ती स्की घेऊन. शिवाय जलविद्युत प्रकल्प, रेल्वेमार्ग आणि घाटरस्ते हिवाळ्यातही चालू ठेवायचे होते. १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्फ आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला गेला. दावोस गावातून वाइसफ्लुयोख या खिंडीपर्यंत नुकतीच डोंगरी रेल्वे झाली होती. त्यामुळे अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर रोज जाऊन मोजमाप करणे शक्य झाले. १९३६पासून तेथे हिवाळ्यातली रोजची नोंद सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

येथे जमलेली माणसे वेगवेगळ्या विद्याशाखांतली होती. हेन्री बाडर हा स्फटिकांचा अभ्यासक, तर रॉबर्ट हेफेली हा मातीच्या भारक्षमतेचा अभ्यास करणारा अभियंता. एक जण बर्फाच्या कणाकडे पाहत होता, दुसरा थरांच्या बळाकडे. हेफेलीने टोकदार शंकू लावलेली पोलादी कांब वजनाच्या ठोक्यांनी बर्फात घालून कोणता थर किती मजबूत आहे, हे मोजण्याची पद्धत आणली. १९३९ साली या मंडळींचा बर्फाच्या रूपांतरावरचा ग्रंथ निघाला. तो या विषयाचा पाया मानला जातो.

माझ्या साखरेच्या दाण्यांचे उत्तर मला या संशोधनात मिळाले. जाड बर्फाखालची जमीन गोठणबिंदूच्या आसपास राहते, वरची हवा मात्र उणे पंधरा-वीसपर्यंत उतरते. त्यामुळे खालच्या कणांतली वाफ वर सरकते आणि पुन्हा गोठताना मोठे, कंगोरेदार, एकमेकांना न धरणारे दाणे तयार होतात. बर्फाचा थर पातळ आणि थंडी कडक असेल, तर तापमानातला हा फरक थोड्या जाडीत सामावतो आणि दाणे लवकर बनतात. म्हणून ‘यंदा बर्फ कमी, धोका कमी’ हा समज चुकीचा ठरतो. सुरुवातीला थोडा बर्फ, मग कोरडी थंडी आणि त्यावर एकदम मोठी हिमवृष्टी, हा क्रम सर्वांत फसवा. त्यात वारा आला की तो एका बाजूचा बर्फ उचलून कड्यामागच्या आडोशाला घट्ट लादीसारखा रचतो. तीस अंशांहून अधिक उतारावर अशी लादी, तिच्याखाली साखर, आणि वर एका माणसाचे वजन. एवढे पुरे होते.

सैन्याकडून जनतेकडे

दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड लढले नाही, पण त्याचे सैन्य आल्प्समध्ये ठाण मांडून होते. सैनिकांना हिमस्खलनापासून वाचवण्यासाठी लष्कराने निरीक्षण-ठाण्यांचे जाळे विणले. १९४२ साली दावोसच्या संशोधनाला स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले. १९४५मध्ये युद्ध संपल्यावर इशारे देण्याचे काम लष्कराकडून या संस्थेकडे आले आणि त्या हिवाळ्यापासून नागरिकांसाठी हिमस्खलन-पत्रक निघू लागले. ते आधी रोजचे नव्हते, आठवड्याचे होते. वृत्तपत्रे आणि रेडिओ यांतून ते लोकांपर्यंत जाई. पुढे टेलिफोनवरही ऐकता येऊ लागले.

पहिली मोठी परीक्षा लवकरच आली. १९५०-५१च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये बर्फाने कहर केला. २० जानेवारी १९५१ या एका दिवशी स्वित्झर्लंडमधील वाल्स गावात १९ जण गेले, आंडरमाट येथे १३. त्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये हानी करणारी सुमारे १,३०० हिमस्खलने झाली आणि ९८ माणसे मेली. त्यांतले बहुतेक आपापल्या घरात, गोठ्यात किंवा रस्त्यावर होते. बर्फ त्यांच्याकडे चालून आला होता.

त्यानंतर स्विस लोकांनी चार कामे चिकाटीने केली. माथ्यावर पोलादी अडसर उभारले, जंगले राखली, कोठे घर बांधू नये याचे नकाशे काढले आणि इशाऱ्याची यंत्रणा पक्की केली. पुढच्या सुमारे पन्नास वर्षांत केवळ बांधकामांवर अंदाजे दीड अब्ज फ्रँक खर्च झाले. फेब्रुवारी १९९९मध्ये तसाच हिवाळा पुन्हा आला. हानी करणारी हिमस्खलने पुन्हा हजाराच्या वर गेली, डोंगरातली वस्ती आणि पर्यटक तर कितीतरी वाढले होते. तरी स्वित्झर्लंडमध्ये घरांत आणि रस्त्यांवर मेलेल्यांची संख्या १७ होती. शेजारच्या ऑस्ट्रियात मात्र त्याच महिन्यात गाल्टूर आणि वाल्त्सुर या वस्त्यांत मिळून ३८ जण गेले. म्हणजे प्रश्न पूर्ण सुटला नव्हता, पण गाव वाचवण्याचा मार्ग सापडला होता.

बर्फाकडे जाणारा माणूस

येथे या इतिहासाला वळण मिळते. आता स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाने दर वर्षी सरासरी वीस-पंचवीस माणसे मरतात आणि त्यांतली जवळपास सगळी आखलेल्या उतारांच्या बाहेर, स्वतःच्या मर्जीने गेलेली असतात. अशा अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा तो बर्फ बळी पडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच मोडलेला असतो. १९५१ साली बर्फ माणसाकडे आला होता. आता माणूस बर्फाकडे जातो.

गावासाठीचा इशारा सरळ असतो : घर सोडा, रस्ता बंद. स्की घेऊन निघालेल्या माणसाला कोणी हुकूम करत नाही. त्याला माहिती द्यायची आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा. म्हणून पत्रकाची भाषा बदलत गेली, ते रोज निघू लागले. आज स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोनशे प्रशिक्षित निरीक्षक आणि दीडशेहून अधिक स्वयंचलित केंद्रे माहिती पाठवतात. हिवाळ्यात संध्याकाळी पाच आणि सकाळी आठ, असे दोनदा पत्रक निघते. धोका कोणत्या उंचीच्या वर आहे, कोणत्या दिशेच्या उतारांवर आहे आणि कशामुळे आहे, म्हणजे ताजा बर्फ, वाऱ्याने रचलेली लादी, जुना कच्चा थर की ओला बर्फ, हे त्यात सांगितलेले असते.

आणि वर असतो तो आकडा. पूर्वी प्रत्येक देशाचे धोक्याचे मोजमाप निराळे होते. सीमा ओलांडली की त्याच डोंगराचा धोका वेगळ्या शब्दांत सांगितला जाई. १९९३ साली युरोपातल्या यंत्रणांनी पाच पायऱ्यांचे एकच मोजमाप ठरवले. त्यातली तिसरी पायरी जर्मनमध्ये ‘एरहेब्लिश’. मराठीत तिला काय म्हणावे, यावर मी पुष्कळ दिवस घालवले. ‘बऱ्यापैकी धोका’ म्हणावे, तर आपल्याकडे बऱ्यापैकी म्हणजे चालण्याजोगे. शाळेत पाचपैकी तीन म्हणजे पास. पुतण्याची चूक याच जागी होत होती.

स्विस नोंदी काय सांगतात ते पाहा. हिवाळ्यातले साधारण निम्मे दिवस दुसऱ्या पायरीचे असतात आणि सुमारे तीस टक्के मृत्यू त्या दिवशी होतात. तिसरी पायरी हिवाळ्याच्या सुमारे तीस टक्के दिवशी असते, पण निम्मे मृत्यू तिच्या खात्यावर पडतात. पाचवी क्वचितच येते. हिशेबनिसाला हा ताळेबंद चटकन कळतो. चार आणि पाच या दिवशी डोंगर स्वतःच गडगडून सांगतो, माणूस घरी बसतो. तीनच्या दिवशी आकाश निळे असू शकते, बर्फ ताजा असतो, आणि उतार एका माणसाच्या वजनाने सुटण्याच्या बेतात असतो. शिवाय पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीला धोका अनेक पटींनी चढतो. तीन ही पाचाच्या मधली जागा नव्हे.

चूक झाली तर वेळ फार थोडा मिळतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस अपघातांच्या अभ्यासानुसार पूर्ण गाडले गेलेल्यांपैकी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ जगले; पस्तीस मिनिटांनंतर तीनच. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वाचवतात ते सोबती.

आपल्या हिमालयात

भारतातही ही वाट सैन्यामार्गेच आली. गुलमर्गला लष्कराची स्की-शाळा १९४८ साली सुरू झाली. १९६९मध्ये मनालीला संरक्षण संशोधन संघटनेची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था उभी राहिली. २०२०मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी जोडून नव्या नावाची संस्था झाली. सीमेवरचे जवान हे या इशाऱ्यांचे पहिले वाचक. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमस्खलनात गेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या चौकीवर दहा जवान गेले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. ही माणसे कर्तव्य म्हणून तेथे होती.

आता आपल्याकडेही दुसरा वाचक आला आहे. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो. पुण्या-मुंबईची तरुण मुले तेथे जातात, हिवाळी ट्रेक करतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू मेले. आपल्याकडचे इशारे बहुधा जिल्हा आणि उंची यांनुसार असतात. जिल्हा केवढा मोठा, आणि पायाखालचा उतार केवढा! मधले अंतर वाचणाऱ्याने स्वतः भरून काढायचे असते : कोणती उंची, कोणती दिशा, काल वारा कोठून होता, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला का.

पुतण्याला मी फोनवर एवढेच म्हणालो, ‘‘अरे, आकडा सोड. खालच्या ओळी वाचून दाखव.’’ त्याने वाचल्या : ताजा बर्फ, वारा, वरच्या उंचीवर धोका अधिक. मग तो त्यांच्या वाटाड्याशी बोलला आणि तो दिवस त्यांनी खालच्या उतारांवर काढला. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. वर काहीच घडले नव्हते. दिवस फुकट गेला, अशी त्याची थोडी कुरकुर होती. मी ती ऐकून घेतली आणि उद्याचे पत्रक कधी येते, ते विचारले.