मुंबईचा रक्तगट आणि पांढऱ्या पेशी

दौंडकडील उसाच्या शेतांत अनवाणी पायांत बाभळीचा काटा रुतला, किंवा शिरूरकडे विळ्यानें बोट कापलें, तर एकदोन दिवसांत तेथें सूज येते व कधीं पूही धरतो. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशीं लढून मेलेल्या पांढऱ्या रक्तपेशी. परंतु वेगानें वाहणाऱ्या रक्तांतून या पेशी नेमक्या दुखऱ्या जागींच उतरतात कशा, हें कोडें फार काळ सुटलें नव्हतें.

१८६७ सालीं यूलियस कोनहाइम या जर्मन वैद्यकपंडितानें बेडकाच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. पांढऱ्या पेशी वाहिनीच्या कडेला येऊन भिंतीला चिकटतात व तींतून बाहेर पडतात, असें त्याला दिसलें. पण त्यांना धरतें कोण, हें कांचेंतून दिसण्यासारखें नव्हतें. तें पकडणें मुख्यतः प्रथिनांचें काम आहे, हें कळण्यास विसावें शतक उतरणीस लागावें लागलें. आणि त्याची मोठी साक्ष मुंबईच्या एका निराळ्याच शोधाच्या आधारें मिळाली.

१९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनीं इंग्लंडमधील संशोधकांसह एका अपूर्व रक्तगटाची हकीकत 'लॅन्सेट' नियतकालिकांत प्रसिद्ध केली. या रक्तांत 'ए' व 'बी' तर नव्हतेच. पण 'ओ' गटांतही असणारा 'एच' पदार्थसुद्धां नव्हता. 'एच' बनण्यास फ्यूकोज नांवाची शर्करा जोडावी लागते. या गटास पुढें 'बॉम्बे' हेंच नांव पडलें.

चाळीस वर्षांनीं, १९९२ सालीं, इस्रायलमधील डॉ. एत्झिओनी व सहकाऱ्यांनीं दोन मुलांचा विकार वर्णिला. त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होई. रक्तांत पांढऱ्या पेशी विपुल होत्या, पण त्या जखमेपर्यंत पोंचत नसत. दोघांचाही रक्तगट बॉम्बे निघाला! त्यांच्या शरीरांत फ्यूकोज कोठेंच नीट जोडलें जात नव्हतें. सूज आली म्हणजे वाहिनीच्या भिंतीवर 'सिलेक्टिन' नांवाचीं प्रथिनें उगवतात. तीं पांढऱ्या पेशींवरील फ्यूकोजयुक्त तुरा पकडून त्यांची गति मंदावतात. मग 'इंटिग्रिन' प्रथिनें पेशीला घट्ट चिकटवितात. रक्तद्रवांतील फायब्रिनोजेनही येथें पेशी व भिंत यांमधील दुवा होऊं शकतें. या मुलांत पहिली पकडच चुकत होती. १९९९ सालीं अशाच एका बालकास तोंडावाटे फ्यूकोज दिल्यानें गुण आल्याचें प्रसिद्ध झालें. मात्र सर्वच रुग्णांना हा उपाय लागू पडला नाहीं.

यावरून बॉम्बे गटाच्या सर्वच माणसांना हा विकार असतो, असें मात्र समजूं नये. त्यांच्यांत केवळ 'एच' बनविणारा पाचक द्रव्यासारखा एक घटक निकामी असतो. पांढऱ्या पेशींवरील तुरा शाबूत राहतो व प्रकृति निकोप असते. त्यांचा धोका दुसराच आहे. वरवरच्या तपासणींत त्यांचें रक्त 'ओ' भासतें, आणि 'ओ' रक्त दिल्यास प्राणावर बेततें. म्हणून रक्तपेढींत पेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी करितात. एका शर्करेच्या अभावाची ओळख अशी दोन ठिकाणीं जीव वांचविण्याच्या कामीं येते.