लाखेची गोष्ट

"जुन्या रेकॉर्डना सध्या भाव आलाय म्हणे" हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मला निदान दहा नातेवाइकांनी ऐकवलंय. ऐकवताना सुरात एक छुपी आशा असते... माळ्यावरच्या त्या खोक्यात आपलं नशीब तर झाकून ठेवलेलं नाही ना! तर मंडळी, आज त्याबद्दलच. भाव खरंच आलाय. पण कशाला आलाय, कशाला नाही, आणि देवगडसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात रेकॉर्ड सांभाळणाऱ्याने त्याचं काय करायचं, हे जरा मुळापासून सांगतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मूळ म्हणजे लाख. पैशातली नव्हे, झाडावरची. आपल्या आजोबांच्या काळातली मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी प्लॅस्टिकची नसायचीच. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवर एक बारीक किडा राळेसारखा स्राव सोडतो, तो गाळून लाख करतात. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ही तबकडी दाबायचे. म्हणून ती जड, म्हणून ती काळी, आणि म्हणूनच ती हातातून पडली की कौलासारखी फुटते. जगाला लागणारी बरीचशी लाख छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून जायची. फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब १९०२ मध्ये कलकत्त्याला आला, त्याने गौहर जान आणि इतर गायिकांचं गाणं मेणावर घेतलं, ते मेण जर्मनीत हॅनोव्हरला गेलं, तिथे तबकड्या झाल्या आणि बोटीने परत इथे विकायला आल्या. म्हणजे लाख आपली, गळा आपला, आणि मधे दोन समुद्रप्रवास! एवढं झाल्यावर ती वस्तू स्वस्त कशी असेल? ग्रामोफोन हा सुरुवातीला संस्थानिक, सावकार आणि वकिलांच्या दिवाणखान्यातला प्रकार होता. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि मग किंमत हळूहळू खाली यायला लागली.

आपल्या मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढचं वळण मुंबईत आलं. १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 'यंग इंडिया' नावाचं लेबल काढलं. ते वीस वर्षं, १९५५ पर्यंत चाललं. नाव बघा, काळ बघा. कुत्र्याच्या विलायती कंपनीला देशी उत्तर होतं ते. मोठी नावं आधीच एचएमव्हीकडे बांधलेली, त्यामुळे यंग इंडियाच्या वाट्याला नवे, कमी माहितीतले गळे बरेच आले. त्यातल्या किती जणांचं दुसरं काहीच कुठे उरलं नसेल, याचा विचार केला की माझ्या पोटात खड्डा पडतो. त्याकडे शेवटी येतो.

कोकणात हे सगळं आलं ते चाकरमान्याच्या ट्रंकेतून. देवगडात आगबोटीतून पडावात, पडावातून धक्क्यावर. ग्रामोफोनचा पेटारा गोधडीत गुंडाळलेला आणि तबकड्या धोतरांच्या घड्यांमध्ये. आमच्या घरात सांगतात की पेटारा एकच होता, पण गणपतीत तो ऐकायला अख्खी वाडी यायची. त्याला वीज लागत नसे, चावी दिली की झालं. हीच त्याची खरी ताकद. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची एलपी निघाली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणारी, न फुटणारी. तिकडे पुढच्या दहाएक वर्षांत लाखेची तबकडी इतिहासजमा झाली. आपल्याकडे मात्र ती १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत राहिली, कारण गावोगावी चावीचे फोनो होते आणि विजेचे खांब नव्हते. याची एक गंमत म्हणजे बीटल्सची गाणी भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. विलायतेत तो प्रकारच नाही. त्यामुळे आज तिकडचे संग्राहक या भारतीय बीटल्ससाठी खिसे उलटे करतात. आपल्या गरिबीची तिकडे दुर्मिळ वस्तू झाली!

मग कॅसेट आली. १९८० च्या दशकात टी-सिरीजने कॅसेट इतकी स्वस्त केली की रेकॉर्ड घेणारा माणूस वेडा ठरायला लागला. आपल्या भागात तर 'वस्त्रहरण' आणि डबलबारीच्या भजनांच्या कॅसेटी घरोघरी, एसटी स्टँडवर, रिक्षात. त्यात चूक काहीच नव्हतं. गावातल्या माणसाला पहिल्यांदा आपली मालवणी यंत्रातून ऐकू आली ती कॅसेटमुळे. पण त्याच दहा-पंधरा वर्षांत रेकॉर्डची जी वाताहत झाली ती कुठल्या आगीतही झाली नसती. भंगारवाला वजनावर घ्यायचा. लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्यांकडे शेकड्यांनी तबकड्या असायच्या, त्या गोणीत भरून गेल्या. लोकांनी गरम पाण्यात बुडवून त्यांच्या फळांच्या वाट्या केल्या, मधे काटे बसवून घड्याळं केली. मला स्वतःला १९९० च्या दशकात मुंबईच्या चोरबाजारात धडधाकट एलपी वीस-तीस रुपयांना मिळालेल्या आहेत. तसल्याच एलपीला आता हजार-दीड हजार सांगतात, तेही कव्हरला कसर लागलेली असताना.

हे उलटं चक्र फिरलं कसं? बाहेरून फिरलं. अमेरिकेत २००८ मध्ये रेकॉर्ड विकणाऱ्या छोट्या दुकानांनी मिळून 'रेकॉर्ड स्टोअर डे' सुरू केला. मोबाइलमध्ये फुकट गाणी ऐकणाऱ्या पोरांना हातात धरता येईल असं काहीतरी हवंसं वाटायला लागलं. २०२० मध्ये तिथे व्हिनाइलच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, १९८६ नंतर पहिल्यांदा. २०२२ मध्ये नगांच्या हिशेबानेही पुढे गेली, सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विरुद्ध ३ कोटी ३० लाख सीडी. मागणी अशी, आणि कारखाने तर बहुतेक कधीच मोडीत निघालेले. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अपोलो मास्टर्सला आग लागली. रेकॉर्डचा साचा काढण्यासाठी आधी ज्या लॅकरच्या चकतीवर गाणं कोरतात, ती चकती बनवणारे जगात दोनच कारखाने उरले होते. त्यातला एक जळला, दुसरा जपानात. पुढे कोविडमध्ये पीव्हीसी महागलं, वाहतूक महागली. नवी रेकॉर्ड महागली की जुनीचा भाव आपोआप चढतो, जुन्या घरांसारखा.

आपल्या जुन्या एलपींवर परदेशी नजर पडली ती त्याच्याही आधी, डीजे मंडळींमुळे. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीजच्या एका गाण्यात कल्याणजी-आनंदजींचे तुकडे वाजले आणि तिकडची मुलं आपल्या सत्तरीतल्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्ड शोधायला लागली. सगळ्यात अजब गोष्ट चरणजित सिंग यांची. मुंबईचे स्टुडिओत वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एलपी काढली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य रसिक थक्क झाले, कारण शिकागोत ज्या संगीताचा जन्म १९८७ च्या सुमारास झाला असं ते मानत होते, ते इथे पाच वर्षं आधी भैरवी-मधुवंतीत वाजून गेलं होतं! मूळ प्रतीला आता शेकडो डॉलर पडतात. तेव्हा जर कुणी दहा प्रती घेऊन ठेवल्या असत्या... असो.

इथल्या बाजाराचं म्हणाल तर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, आणि गंमत म्हणजे त्याच काळात नव्याने छापलेल्या एलपी दिसायला लागल्या. सारेगामाने (म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीनेच) स्वतःच्या खजिन्यातल्या रेकॉर्ड पुन्हा काढल्या. २०२४ मध्ये तर मुंबईत तबकड्या दाबणं पुन्हा सुरू झालं, कित्येक वर्षांच्या खंडानंतर. तरी नवी एलपी साधारण दोन हजारांच्या पुढेच, आणि तिला वाजवायला यंत्र हवं, पिन हवी, अॅम्प्लिफायर हवा. पगारदार माणसाचा हा छंद राहिलेला नाही.

आता देवगडच्या माणसाला भाव चढण्याचं गणित वेगळं शिकवायची गरज नाही. वाशीला पहिली पेटी कितीला गेली याची बातमी दरवर्षी येते, आणि तो भाव उरलेल्या पेट्यांना मिळत नाही हे बागायतदाराला पक्कं ठाऊक असतं. रेकॉर्डचं तंतोतंत तसंच आहे. एका एलपीला शेकडो डॉलर आले म्हणून तुमच्या माळ्यावरच्या सगळ्यांना येत नाहीत. नकलीचंही तसंच. कुठलाही आंबा देवगड हापूस म्हणून खपवतात म्हणून इथल्या उत्पादक संस्थेने २०२५ पासून एकेका फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला घेतलं. रेकॉर्डला हे स्टिकर जन्मापासूनच आहे. लेबलच्या कडेला, गाण्याच्या रेघा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्ट्यात, एक नंबर कोरलेला असतो. तो साच्याचा नंबर. कागदी लेबल बदलता येतं, तो नाही.

पण मला खुपतं ते पुढचं. परदेशी गिऱ्हाइकाला हिंदी डिस्को हवा, मराठी भावगीत नको. नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्यांना बालगंधर्व, दीनानाथ असल्या नावांपलीकडे फारसं कुणी विचारत नाही. ज्याला भाव नाही ते सांभाळलं जात नाही, हे आपण ऐंशीच्या दशकात पाहिलं. ज्याला भाव आहे ते मुंबईच्या दलालाकडून कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद होतं. दोन्हींकडे ऐकणारा कोरडाच. मधल्या वाटेवर चालणारी माणसं थोडी. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी तिथे ऐकण्याचे कार्यक्रम केले, तबकड्यांच्या नोंदी केल्या, यंग इंडियाचा इतिहास लिहून काढला. भाव नसतानाच्या काळात त्यांनी हे केलं म्हणून आज आपल्याला काही माहीत तरी आहे.

दुर्मिळतेची याहून मोठी गोष्ट केसरबाई केरकरांची. फोंड्याजवळच्या केरीच्या. रेकॉर्ड करायला नाखूश, त्यामुळे तबकड्या मोजक्या. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी त्यांची भैरवी निवडली गेली, आणि मग ती एलपीच मिळेना! शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तीन प्रती सापडल्या. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या, तेव्हा दोन्ही यानं नुकतीच निघाली होती. ती तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, आणि सोबत पिनही दिली आहे. तिथे ना बुरशी, ना वाळवी.

इथे दोन्ही आहेत. पावसाचे चार महिने देवगडात भिंतीला हात लावला तर ओला होतो. व्हिनाइलला स्वतःला पाण्याचं भय नाही, पण रेघांत बुरशी धरते आणि मग पाठीमागे चुलीवर काहीतरी तळत असल्यासारखा आवाज येतो. कागदी पाकिटं कसर खाते. कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात एलपीचा पापड होतो. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली तर विरघळते, हे तर पुष्कळांना माहीतच नसतं. म्हणजे इथे रेकॉर्ड विकत घेण्यापेक्षा टिकवणं महाग. थोरल्या काकांनी हे बिनखर्चात केलं. आंब्याच्या लाकडी पेट्यांमध्ये, उभ्या, माजघरात, चुलीच्या भिंतीला लागून. तिथली भिंत कायम कोरडी. काकी अजून म्हणते, "ह्या काळ्या ताटांचा काय करतलंस तू? ऱ्हवांदेत थंयच." आणि तिचं बरोबर आहे, त्या तिथेच टिकल्या.

गेल्या मे महिन्यात एक दलाल येऊन बघून गेला. हिंदी एलपी बाजूला काढल्या, त्यांचे बरे पैसे सांगितले. लाखेच्या चाळीसेक तबकड्यांना म्हणाला, "ह्या अशाच द्या, जागा मोकळी होईल तुमची." त्या चाळिसांत एक यंग इंडियाची आहे. लेबल कसरीने खाल्लंय, गाणाऱ्या बाईंचं नाव गेलंय, फक्त कोरलेला नंबर शाबूत आहे. भजन आहे, तीन मिनिटांचं, आणि आवाज असा की ऐकताना काकी चुलीपाशी उठून उभी राहिली. माहेरी हेच भजन ऐकल्याचं ती सांगते, पण बाईंचं नाव तिला आठवत नाही. मी काहीच विकलेलं नाही. हिंदी एलपींचं काय ते गणपतीत सगळ्यांनी बसून ठरवू, त्या पैशांवर माझा एकट्याचा हक्क नाही. लाखेच्या मात्र मी देणार नाही. त्यांचे आवाज उतरवून घेण्याचं काम सुरू केलंय आणि नंबरांची वही केली आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. काकीच्या माहेरच्यांपैकी कुणाच्या वडीलधाऱ्यांना त्या भजनाच्या बाईंचं नाव आठवत असेल तर विचारा, आणि लवकर विचारा. दुसरं, गीतरामायण. गदिमा-बाबूजींचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये झालं, त्याचा एलपींचा संच नंतर काकांनी घेतला होता. घराची वाटणी झाली तेव्हा तोही तिघा भावांत वाटला गेला. (कुणाच्या डोक्यातून ते निघालं, देव जाणे!) काही ठाण्याला आहेत, काही कणकवलीला, उरलेल्या इथे. सुटी एलपी विकायला गेलं तर शे-दोनशे मिळतील, म्हणून पुन्हा विचारतो, विकल्या नाहीत ना? नसतील तर गणपतीला येताना घेऊन या, एकदा सबंध ऐकू. आणि गाडीत आडव्या रचू नका. दोन पुठ्ठ्यांच्या मधे, उभ्या आणा.