अलंकार ओळखा, पण कुठून आला तेही पाहा

१९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले: पूर्व खानदेश जळगावला, पश्चिम खानदेश धुळ्याला. पुढच्याच वर्षी जळगावात कविसंमेलन भरलं आणि सोळा-सतरा वर्षांचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे ‘बालकवी’ ठरले. त्याच गावात तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बहिणाबाई चौधरी घर-शेत सांभाळत होत्या. आसोद्याची ही लेक निरक्षर होती. तिच्या ओव्यांना कविता म्हणणारं त्या वेळी कुणी नव्हतं.

आज शाळेत दोघेही एकाच प्रश्नाखाली येतात: अलंकार ओळखा. ‘औदुंबर’मधलं झाड माणसासारखं पाण्यात पाय सोडून बसतं, म्हणून चेतनगुणोक्ती. गुण मिळतो. पण त्या आठ ओळींचा अर्थ काय, यावर समीक्षक अनेक वर्षं वाद घालत आले. नाव सापडलं म्हणजे कविता सापडली असं होत नाही.

बहिणाबाईंच्या बाबतीत मला हे अधिक जाणवतं. उपमेची चार अंगं: उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि साधारण धर्म. ‘जसा’, ‘सारखा’, ‘परी’ दिसलं की विद्यार्थी उपमा लिहितो; असा शब्द नसेल आणि दोन्ही गोष्टी एकरूप झाल्या असतील, तर रूपक. चौथं अंग मात्र बरेचदा अध्याहृत असतं, आणि ते व्याकरणात सापडत नाही. संसाराला चुलीवरचा तवा म्हटलं, तर भाकरीआधी बोटं पोळतात हे ठाऊक हवं. मनाला ओढाळ ढोर म्हटलं, तर हाकललेलं जनावर पुन्हा त्याच पिकात कसं शिरतं, हे राखण करणाऱ्याला विचारावं. तिथे साधारण धर्म म्हणजे अनुभव.

म्हणून मला वाटतं, अलंकार ओळखताना दोन प्रश्न विचारावेत: कशाची तुलना कशाशी आहे, आणि हे उपमान कुणाच्या हाताखालून गेलेलं आहे? दुसऱ्या प्रश्नाशिवाय बहिणाबाईंच्या कवितेतली शेती केवळ नटवी सजावट होऊन बसते.

१९५१ साली बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे टिपून राहिलेली गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपात आली. जी टिपली गेली नाहीत, ती गेलीच. १९०७ साली कविता ओळखणारी मंडळी जळगावातच जमली होती. तिचं घरही त्याच गावात होतं. ओळखण्याच्या कसोट्या अपुऱ्या असल्या, की नुकसान केवळ परीक्षेतल्या गुणांचं होत नाही.