बेल्जियम : भाषेच्या सीमारेषेवर उभे असलेले संघराज्य

युरोपीय संघाच्या प्रमुख संस्था आणि नाटोचे मुख्यालय यांमुळे ब्रसेल्स शहराचे नाव बातम्यांत सातत्याने येते. परंतु हे शहर ज्या देशाची राजधानी आहे, त्या बेल्जियमच्या अंतर्गत जीवनाविषयी भारतात फारशी माहिती आढळत नाही. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३० हजार ७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश आहे. लोकसंख्या १ कोटी १८ लाखांच्या घरात आहे. एवढ्या लहान देशात तीन अधिकृत भाषा आणि सहा सरकारे नांदतात. भाषावार प्रांतरचनेचा अनुभव असलेल्या भारतीय वाचकाला बेल्जियमचे उदाहरण म्हणूनच विचारप्रवृत्त करणारे आहे.

दोन भाषा, दोन इतिहास

देशाच्या उत्तरेस फ्लँडर्स हा डच भाषकांचा प्रदेश आहे, तर दक्षिणेस वॉलोनिया हा फ्रेंच भाषकांचा. राजधानी ब्रसेल्स फ्लँडर्सने वेढलेली असली, तरी तेथे फ्रेंच भाषेचा प्रभाव अधिक आहे आणि शहराचा कारभार दोन्ही भाषांत चालतो. पूर्व सीमेवर जर्मन भाषकांचा सुमारे ८० हजार लोकवस्तीचा एक छोटा भाग आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहान्वये तो जर्मनीकडून बेल्जियमला मिळाला.

१८३० मध्ये नेदरलँड्सच्या राजवटीविरुद्ध उठाव होऊन बेल्जियम स्वतंत्र झाला. २१ जुलै १८३१ रोजी पहिला राजा लिओपोल्ड याने राज्यघटनेची शपथ घेतली आणि हाच दिवस आज राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. नव्या राष्ट्राचा कारभार मात्र फ्रेंचमधून चालू लागला. न्यायालये, सैन्य आणि उच्च शिक्षण यांची भाषा फ्रेंच होती. फ्लँडर्समधील उच्चभ्रू वर्गही फ्रेंचच बोलत असे. १९११ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे मॉरिस मेटरलिंक हे फ्लँडर्समधील घेंट शहराचे सुपुत्र, पण त्यांचे लेखन फ्रेंचमध्ये आहे. डच ही शेतकऱ्यांची व कामगारांची बोली मानली जाई. तिला फ्रेंचच्या बरोबरीने कायद्याची भाषा म्हणून मान्यता मिळण्यास १८९८ साल उजाडले. घेंट विद्यापीठ १९३० मध्ये डच माध्यमाचे झाले आणि राज्यघटनेची अधिकृत डच आवृत्ती तर १९६७ मध्ये सिद्ध झाली.

भाषेच्या या विषमतेला आर्थिक विषमतेची जोड होती. एकोणिसाव्या शतकात कोळसा व पोलाद यांच्या बळावर वॉलोनिया समृद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरही तेथील खाणींसाठी इटलीहून मजूर आणले जात होते. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील खाणीला लागलेल्या आगीत २६२ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांपैकी १३६ इटालियन होते. पुढे खाणी बंद पडत गेल्या आणि पोलाद उद्योगास उतरती कळा लागली. त्याच काळात अँटवर्प बंदर व नवे उद्योग यांच्या आधारे फ्लँडर्स पुढे आला. एकेकाळी गरीब असलेला उत्तर भाग आज संपन्न आहे आणि आपल्या करांचा पैसा दक्षिणेकडे जातो, ही भावना तेथील राजकारणात प्रबळ आहे.

या भाषिक संघर्षाचा एक धागा भारतापर्यंत पोहोचला आहे. तुलसीदासांचे अभ्यासक आणि इंग्रजी-हिंदी शब्दकोशाचे कर्ते फादर कामिल बुल्के यांचा जन्म १९०९ मध्ये फ्लँडर्समधील एका खेड्यात झाला. फ्रेंचच्या वर्चस्वाखाली मातृभाषेची झालेली उपेक्षा त्यांनी अनुभवली होती. १९३५ मध्ये भारतात आल्यावर इंग्रजीपुढे भारतीय भाषांची तशीच स्थिती त्यांना दिसली आणि त्यांनी आयुष्य हिंदीच्या सेवेत वेचले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले.

भाषिक सीमारेषा

१९६२-६३ मध्ये कायद्याने भाषिक सीमारेषा निश्चित करण्यात आली. तिच्यामागील तत्त्व असे की, भाषेचा हक्क व्यक्तीला नव्हे, तर भूमीला चिकटलेला असतो. फ्लँडर्समध्ये शासकीय व्यवहार व सार्वजनिक शिक्षण डचमध्ये, तर वॉलोनियाच्या फ्रेंचभाषक भागात ते फ्रेंचमध्ये होते. द्विभाषक ब्रसेल्स आणि सीमेलगतच्या मोजक्या नगरपालिका यांचाच काय तो अपवाद. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क अन्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे उत्तरदायित्व राज्यांवर आहे. बेल्जियमने याच्या जवळजवळ विरुद्ध मार्ग स्वीकारला.

रेषा आखली गेली, तरी वाद शमले नाहीत. सहा गावांचा वूरेन हा भाग फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिंबर्ग प्रांतास जोडण्यात आला. तेथील महापौर जोझे अपार यांनी डच भाषेच्या ज्ञानाची परीक्षा देण्यास नकार दिला आणि त्या वादापायी १९८७ मध्ये राष्ट्रीय सरकार कोसळले. त्यापूर्वी १९६८ मध्ये लुव्हेन येथील प्राचीन कॅथलिक विद्यापीठातून फ्रेंच विभाग हलवावा, या मागणीवरूनही सरकार पडले होते. अखेरीस विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच विभागासाठी वॉलोनियात नवे शहर वसविण्यात आले आणि ग्रंथालयातील पुस्तकांची वाटणी सम-विषम क्रमांकांनुसार झाली.

आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. १९४७ नंतर बेल्जियमच्या जनगणनेत भाषेची नोंद झालेली नाही. आकडे बदलले तर सीमा बदलण्याची मागणी होईल, या भीतीने १९६१ मध्ये ही मोजणीच कायद्याने थांबविण्यात आली. भाषेच्या आधारे विभागलेल्या देशात कोणती भाषा किती लोक बोलतात, याचा अधिकृत आकडा उपलब्ध नाही.

संघराज्याची यंत्रणा

१९७० ते २०१४ या काळात सहा टप्प्यांत घटनादुरुस्त्या होऊन एककेंद्री बेल्जियमचे रूपांतर संघराज्यात झाले. १९९३ मध्ये राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात तसे नमूद करण्यात आले. घटकांचे दोन प्रकार आहेत. अर्थव्यवस्था, पर्यावरण, सार्वजनिक बांधकाम हे विषय फ्लँडर्स, वॉलोनिया व ब्रसेल्स या तीन प्रदेशांकडे आहेत, तर शिक्षण व संस्कृती हे विषय डच, फ्रेंच व जर्मन या तीन भाषासमूहांकडे. फ्लँडर्सने आपली दोन्ही सरकारे एकत्र केल्यामुळे केंद्रासह एकूण सहा सरकारे होतात.

बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर मात करू नये, यासाठी भक्कम तटबंदी उभारलेली आहे. पंतप्रधान वगळता मंत्रिमंडळात डच व फ्रेंच भाषक मंत्र्यांची संख्या समान असावी लागते. भाषाविषयक महत्त्वाच्या कायद्यांसाठी एकूण दोन तृतीयांश मतांखेरीज प्रत्येक भाषागटाचे स्वतंत्र बहुमतही आवश्यक असते.

राजकीय पक्षही भाषेनुसार दुभंगले आहेत. १९६८ ते १९७८ या दशकात ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी या तिन्ही पक्षांची शकले झाली. फ्लँडर्सचा मतदार वॉलोनियातील नेत्यांना मत देऊ शकत नाही आणि त्या नेत्यांनाही त्याच्यापुढे जाब द्यावा लागत नाही. परिणामी सरकार बनविणे ही दीर्घ वाटाघाटींची प्रक्रिया ठरते. जून २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार स्थापन होण्यास ५४१ दिवस लागले. इटलीतून आलेल्या कुटुंबात जन्मलेले एलिओ दि रुपो तेव्हा पंतप्रधान झाले. मे २०१९ च्या निवडणुकीनंतरही ४९४ दिवस गेले. मात्र प्रादेशिक सरकारे आपापले विषय सांभाळत असल्याने शाळा, रस्ते, वाहतूक हे सारे सुरळीत चालू राहिले.

समाज, संस्कृती आणि ऐक्य

दोन्ही समाजांची वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि लोकप्रिय कलावंत वेगळे आहेत. १३ डिसेंबर २००६ रोजी फ्रेंच सार्वजनिक वाहिनीने फ्लँडर्सने स्वातंत्र्य घोषित केल्याची काल्पनिक बातमी प्रसारित केली, तेव्हा असंख्य प्रेक्षकांना ती खरी वाटली. देश फुटणे अशक्य नाही, हेच त्या घबराटीतून दिसून आले.

तरीही बेल्जियम टिकून आहे. राजघराणे आणि राष्ट्रीय फुटबॉल संघ हे ऐक्याचे भावनिक दुवे आहेत. त्याहून बळकट दुवे व्यवहारातले आहेत. सामाजिक सुरक्षा आणि राष्ट्रीय कर्ज यांची वाटणी सोपी नाही, आणि फ्लँडर्सची भूमी परंतु फ्रेंचचा प्रभाव असलेले ब्रसेल्स कोणाकडे जाणार, या प्रश्नाला उत्तर नाही.

जून २०२४ च्या निवडणुकीत न्यू फ्लेमिश अलायन्स हा पक्ष सर्वांत मोठा ठरला. स्वतंत्र फ्लेमिश प्रजासत्ताक हे उद्दिष्ट या पक्षाच्या घटनेत लिहिलेले आहे. त्याचेच नेते बार्ट डे वेव्हर यांनी ३ फेब्रुवारी २०२५ रोजी बेल्जियमचे पंतप्रधान म्हणून राजासमोर शपथ घेतली. भाषेचा संघर्ष शंभराहून अधिक वर्षे चालूनही या देशात यादवी युद्ध झाले नाही. निर्णयांतील विलंब आणि गुंतागुंतीची शासनव्यवस्था ही त्या शांततेची किंमत आहे आणि दोन्ही समाजांनी आजवर ती मोजलेली आहे.