एका निरोपाची चार नावे

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माण-हिंजवडीपासून मुंबईपर्यंत घरोघरी एकच प्रश्न होता : ‘सीआरपी किती आला?’ आकडा चढला की नातेवाईक टॉसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत. ते मिळत नसे. या आकड्याचा आणि त्या इंजेक्शनचा संबंध काय, हे त्या धावपळीत कोण सांगणार?

सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या अभ्यासातून सापडले. ते यकृतात तयार होते. पण दुखणे फुप्फुसात. यकृताला ते कळते कसे? उत्तर मिळायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. जपानमध्ये ओसाका येथे किशिमोतो आणि हिरानो हे बी-पेशींना प्रतिपिंडे बनवायला लावणारा रेणू शोधत होते. १९८६ मध्ये त्यांना त्याचे जनुक मिळाले. इतरत्र कोणी एका नव्या इंटरफेरॉनच्या मागे होते, कोणी संकरित पेशी वाढवणाऱ्या घटकाच्या, तर कोणी यकृताला कामाला लावणाऱ्या घटकाच्या. रचना ताडून पाहिल्या तेव्हा चारही एकच निघाले! तेच इंटरल्यूकिन-६. खरे तर चुकले कोणीच नव्हते. प्रत्येकाने वेगळ्या पेशीचे उत्तर ऐकले होते.

पेशींमध्ये निरोप्याचे काम करणाऱ्या अशा प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-६ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते. मग ही जोडी जीपी-१३० नावाच्या प्रथिनाला पकडते. त्याच्या आतल्या टोकाशी असलेली ‘जॅक’ विकरे स्टॅट-३ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात, आणि स्टॅट-३ केंद्रकात जाऊन जनुके चालू करते. यकृतात चालू होते सीआरपीचे जनुक. बी-पेशीत प्रतिपिंडांची तयारी सुरू होते.

टॉसिलिझुमॅब हे त्या ग्राहीवरच बसणारे प्रतिपिंड आहे. विषाणूला ते हातही लावत नाही. अतिरेकी निरोप तेवढा अडवते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत ऑक्सिजन कमी झालेले आणि सीआरपी लिटरला ७५ मिलिग्रॅम किंवा अधिक असलेले रुग्ण घेतले होते. २८ दिवसांतील मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. म्हणजे शंभरांत चार जीव. थोडे नव्हेत, पण रामबाणही नव्हे. शिवाय त्यांतील बहुतेकांना साधे, स्वस्त स्टेरॉइडही चालू होते.

आणखी एक गोष्ट. हे औषध दिल्यावर सीआरपी झपाट्याने उतरतो. निरोपच पोचत नाही, मग यकृत गप्प बसते. त्यामुळे अशा रुग्णाला नवा जंतुसंसर्ग झाला, तरी कागदावरचा आकडा लहानच राहू शकतो.